लाल शाई आणि ‘नक्को’

बेगम बाजारात हातगाड्यांतून वाट काढीत आम्ही काही मंडळी दर पंधरवड्याला एका स्नेह्यांच्या माडीवर जमतो. खाली सुकामेव्याची पोती, वर मराठी पुस्तकांची कपाटे. गेल्या पावसाळ्यात तेथे एक कथा वाचली गेली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, त्या रात्रीची ही कथा. अफजलगंजातून जीव घेऊन आलेली कुटुंबे पेढीच्या दारात उभी आहेत, सावकार दार लावून घ्यावयास सांगतो, त्याचा मराठी मुनीम एवढेच म्हणतो, “नक्को, मालिक.” येथे कथा संपते.

लेखक आमचे जुने स्नेही. त्यांच्या नातवाने ती कथा संगणकावरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनास दाखविली आणि सुधारलेली प्रत बैठकीत आणली. तीवरून जो वाद झाला, तो मराठीत नवा नाही, असे आम्हांस वाटते.

लेखकाच्या मजकुरावर दुसऱ्याचा हात फिरणे ही आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात साह्य करणारे थॉमस कँडी पुढे सरकारी भाषांतरकार झाले. शालेय पुस्तके त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. मराठी गद्यात विरामचिन्हे रुळली, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आज आपण ज्या स्वल्पविरामावर श्वास घेतो, त्यामागे एका परक्या माणसाचा हात आहे. त्याच तपासणीने मराठीला एकसुरी सरकारी वळण लावले, असा आक्षेपही पुढे घेण्यात आला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

विसाव्या शतकात हे काम ‘सत्यकथा’ मासिकाने केले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक कथेवर सविस्तर पत्रे लिहीत, फेरलेखन सुचवीत. त्या पत्रव्यवहारातून मराठी नवकथेच्या काळातील अनेक लेखक घडले. त्या चोखंदळपणाचा काच वाटणाऱ्या लघुनियतकालिकांच्या तरुणांनी १९६९ साली ‘सत्यकथे’चा अंक जाळला. मासिक १९८२ मध्ये बंद पडले. ज्याला शिव्या द्याव्यात असा संपादक तरी तेव्हा समोर होता, हे आज ध्यानात येते.

आता यंत्राकडे वळू. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांस खुले झाले आणि अशी साधने घरोघर पोहोचली. ती अफाट मजकुरातून शब्दांच्या संगती शिकतात. जे पुष्कळदा आढळते तेच त्यांना सहज सुचते. आमच्या स्नेह्यांच्या कथेत यंत्राने एक खरी चूक पकडली. पुराच्या वेळी नऊ वर्षांची असलेली मुनिमाची मुलगी, उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले त्या १९१८ साली, एका ओझरत्या उल्लेखात सोळाच वर्षांची होती. आम्ही सहा जणांनी ती कथा ऐकली होती. कोणाच्याही लक्षात आले नव्हते. याबद्दल यंत्राचे आभारच मानले पाहिजेत.

परंतु ते तेवढ्यावर थांबले नाही. निजामी अमलातील ‘अव्वल तालुकदार’ त्याने ‘जिल्हाधिकारी’ केला. शेवटी मुनिमाच्या माणुसकीचे गोडवे गाणारा एक परिच्छेद जोडला. आणि ‘नक्को, मालिक’ याचे ‘नको, मालक’ केले.

हा बदल दिसावयास एका अक्षराचा. पण त्या अक्षरात आपली कुळकथा आहे. मराठीतला ‘नको’ दखनीत गेला, तेथे त्याला जोडाक्षर मिळाले, आणि हैदराबादेच्या मराठी घरांत तो ‘नक्को’ होऊन परत आला. दखनी माणूस ‘ऐसाइच’ म्हणतो, तोही आपलाच ‘च’. येथील मुनीम सावकारापुढे याच बोलीत उभा राहणार. स्नेही म्हणाले, “अहो, ‘नको’ म्हणणारा मुनीम पुण्याहून आणावा लागेल!” सारे हसले, पण त्यांच्या आवाजात दुखावल्याची छटा होती.

ही भीती अनाठायी नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा तिकडे गेला, आपण येथे राहिलो. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले. आपण ते आनंदाने पाळले. पण लेखनाचा नियम निराळा आणि पात्राची जीभ निराळी. हैदराबादेत शिकलेले, निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले बी. रघुनाथ १९५३ साली गेले. ‘साकी’ आणि ‘फकिराची कांबळी’ ही त्यांच्या कथासंग्रहांची नावेच त्या मुलखाची साक्ष देतात. असे लेखन उद्या सर्रास ‘सुधारले’ गेले, तर त्या मुलखाचे बोलणे कोठे शोधावयाचे?

आमची हयात सरकारी कचेरीत गेली. आमच्या मसुद्यांवर वरिष्ठांची लाल शाई पुष्कळ सांडली. राग येई, पण शाईखाली सही असे. पुढे काही विपरीत घडले तर त्या सहीला जाब विचारता येई. कँडींचे नाव ठाऊक होते, भागवतांची पत्रे सहीनिशी येत. यंत्र सही करीत नाही. म्हणून कचेरीतलाच नियम आम्हांस येथे योग्य वाटतो : यंत्राने टिपणी सादर करावी, हुकूम लेखकाने काढावा. वय चुकले का, तिथी जुळते का, कोठे कंटाळा येतो, हे त्यास अवश्य विचारावे. सुधारलेली प्रत मात्र मागू नये. आणि त्याने कथेची स्तुती केली, तर ती आपल्या नातवाने केलेल्या स्तुतीइतकीच मानावी.

स्नेह्यांनी मुलीचे वय सोळाचे एकोणीस केले. जोडलेला परिच्छेद काढला. अव्वल तालुकदार आपल्या जागी परतले. पुढच्या बैठकीत कथा पुन्हा वाचली गेली. शेवटच्या ओळीवर खालच्या बाजाराचा गलका तेवढा ऐकू येत होता. नातवाने विचारले, “आजोबा, आणखी एकदा यंत्राला दाखवू?”

आजोबा म्हणाले, “नक्को.”