‘लीज अँड लीफ’: इंग्लिश कथागीतांचा विद्युत अवतार

लंडनमध्ये १९६७ साली स्थापन झालेल्या ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या वाद्यवृंदाची सुरुवातीची ओढ अमेरिकी गीतकारांकडे होती. मे १९६९ मधील वाहन अपघातात ड्रमवादक मार्टिन लॅम्बल यांचा मृत्यू झाल्यानंतर मात्र उरलेल्या कलावंतांनी जुनी गाणी बाजूला ठेवली आणि हॅम्पशर परगण्यातील एका घरात एकत्र राहून देशी परंपरेचा अभ्यास आरंभला. बासवादक अ‍ॅशली हचिंग्ज यांनी लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधील, म्हणजे इंग्लिश लोकनृत्य व लोकगीत संस्थेच्या मुख्यालयातील, संग्रह धुंडाळून ‘बॅलड’ शोधले; बॅलड म्हणजे कडव्यामागून कडवे रचत घटना सांगणारे कथागीत, जे मराठी पोवाड्याला जवळचे असले तरी वीरस्तुतीपेक्षा परीकथा, जारकर्म आणि खून यांत अधिक रमते. डिसेंबर १९६९ मध्ये निघालेल्या ‘लीज अँड लीफ’ या ध्वनिमुद्रिकेत डेव्ह स्वारब्रिक यांचे व्हायोलिन आणि रिचर्ड थॉम्पसन यांची विद्युत गिटार एकमेकांना उत्तरे देत धावतात, पण सँडी डेनी यांचा स्वर कथेला कुठेही घाई करू देत नाही, आणि ध्वनिमुद्रिकेचे खरे बळ तेच. तरीही वर्ष संपण्यापूर्वीच वाद्यवृंद दुभंगला: परंपरेत अधिक खोल उतरू पाहणाऱ्या हचिंग्ज यांनी ‘स्टीलआय स्पॅन’, तर स्वरचित गीतांकडे कल असलेल्या डेनी यांनी ‘फॉदरिंगे’ उभारले.