परत यायची अट

परदेशी विद्यापीठांतून आमंत्रण आलेल्या मुलामुलींचे कागद अधूनमधून माझ्यापुढे येतात. मी मिरजेतला इतिहासाचा शिक्षक. व्हिसाचं मला फारसं कळतं असं नाही, पण ‘सर, एवढी अट वाचून सांगा’ म्हणून कोणी ना कोणी येतंच. अट असते अमेरिकेच्या ‘एक्स्चेंज व्हिजिटर’ व्हिसाची. बोलताना सगळे त्याला ‘जे-वन’ म्हणतात. संशोधक, पाहुणे प्राध्यापक, शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी आणि उच्च शिक्षणाला जाणारे डॉक्टर या व्हिसावर जातात. यामागची कल्पना साधी आहे. तुम्ही या, शिका, आम्हाला तुमच्या देशाबद्दल सांगा आणि परत जाऊन आमच्याबद्दल तिकडे सांगा. म्हणूनच यातल्या अनेकांवर बंधन असतं, की शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी राहायचं. तोवर तिथला नोकरीचा व्हिसा किंवा कायमचं वास्तव्य मिळत नाही.

ही अट अमेरिकेच्या कायद्यात १९५६ साली आली. आपल्याकडे मात्र शिकायला जाणं आणि परत येण्याचं वचन देणं यांची जोडी त्याहून खूप जुनी आहे.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही. पण जाण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. आपल्या शेजारच्या कोल्हापूर दरबारने त्यांच्यासाठी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागाची जागा राखली होती. त्या शब्दाप्रमाणे परत आल्या, पण आजाराने साथ दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. काम वाट पाहत होतं, आयुष्य पुरलं नाही.

दुसरं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याआधी करारावर सही झाली होती, की शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्याला आले. नोकरी होती, राहायला जागा नव्हती. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी विचारून पाहिलं. दोघांनीही टाळलं. शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले.

हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि त्या लेखनाला नाव दिलं आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, व्हिसाची वाट पाहताना. त्यातला पहिला प्रसंग आपल्या भागातला आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरली. वर्ष १९०१ च्या सुमाराचं. मिरज-पुणे मार्गावरचं हेच ते मसूर. पत्र न पोचल्यामुळे घ्यायला कोणी आलं नव्हतं. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण कबूल झाला, तोही दुप्पट भाड्यावर आणि मुलांनीच बैल हाकायचे, तो बाजूने चालणार या बोलीवर. अमेरिकेत शिरायला आंबेडकरांना जी अडचण आली नाही, ती मसुरात आणि बडोद्यात आली. ज्या व्हिसाची ते वाट पाहत होते, तो आपल्याच माणसांनी द्यायचा होता, असा मी त्या नावाचा अर्थ लावतो.

परतीच्या अटीतली मोठी खोट मला इथे दिसते. अट परत येणाऱ्याला बांधते. ज्यांच्याकडे तो येणार, त्यांना ती काहीच बांधत नाही.

आता कायद्याकडे येऊ. युद्धानंतर परदेशांत उरलेलं लष्करी सामान विकून आलेल्या पैशातून शिक्षणाची देवाणघेवाण करायची, ही सिनेटर फुलब्राइट यांची कल्पना. तिचा कायदा १९४६ साली झाला. भारताबरोबरचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. ‘जे’ हा व्हिसाचा वर्ग आला १९६१ च्या कायद्याने. आणि १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. वॉन्लेस हॉस्पिटलमुळे १८९४ पासून जे गाव डॉक्टरांचं म्हणून ओळखलं जातं, तिथून आता दरवर्षी नवे डॉक्टर बाहेर पडू लागले, आणि त्यातले काही अमेरिकेकडे वळले.

त्यांच्यासाठी नियम कधी सैल झाला, कधी आवळला. १९७६ च्या कायद्याने ‘जे’वर जाणाऱ्या डॉक्टरांना परतणं पुन्हा बंधनकारक केलं. अर्जासोबत आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं. या विषयाच्या डॉक्टरांची देशाला गरज आहे आणि उमेदवाराने परतण्याची हमी दिली आहे, असा त्याचा मजकूर. मग १९९४ साली नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकाराने एक वाट निघाली. अमेरिकेत जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करा, परतीची अट माफ. सुरुवातीला दर राज्याला वर्षाला २० डॉक्टरांची मुभा होती, पुढे ती ३० झाली. म्हणजे इथल्या खेड्याचं देणं तिथल्या खेड्यात फेडायचं! त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्या खेड्यांनी त्यांना घर दिलं, दवाखाना दिला, मुलांना शाळा दिली. आपल्या जत-आटपाडीकडे आपण काय देऊ केलं होतं?

याच रस्त्याने उलट्या दिशेने एक बाई आपल्याकडे आल्या. गेल ऑम्व्हेट, जन्म १९४१, गाव मिनियापोलिस. १९६३-६४ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर त्या इंग्रजी शिकवायला भारतात आल्या. पुढे बर्कलेच्या पीएचडीसाठी त्यांनी महाराष्ट्रातली ब्राह्मणेतर चळवळ निवडली, १८७३ ते १९३० पर्यंतची. सत्यशोधकांचा हा इतिहास शोधायचा तर जुन्या सातारा जिल्ह्याला टाळता येत नाही. १९७३ मध्ये पदवी मिळाली. शिष्यवृत्तीच्या हिशेबाने विनिमय पूर्ण झाला होता. पण त्या पुन्हा आल्या. भारत पाटणकरांशी लग्न केलं, १९७८ पासून इथेच राहिल्या आणि १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या. वाळवा तालुक्यातलं कासेगाव हे त्यांचं गाव झालं. इंदुताई पाटणकरांच्या त्या घरातून त्यांनी फुले-आंबेडकरांवर लिहिलं, आणि परित्यक्तांच्या, पाण्याच्या, दुष्काळी भागाच्या चळवळींत काम केलं. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्या गेल्या. त्यांना इथे ठेवणारी कुठलीच अट नव्हती. घर होतं, काम होतं आणि सोबतीला माणसं होती.

आता ताजी गोष्ट. ९ डिसेंबर २०२४ पासून अमेरिकेने आपल्या ‘कौशल्यांच्या यादी’तून भारताचं नाव काढलं. ज्या विद्यांची मायदेशाला गरज आहे, त्या शिकणाऱ्यांनी परतलंच पाहिजे, असं सांगणारी ही यादी १९७२ पासूनची. डॉक्टर आणि सरकारी पैशावर जाणारे यांच्यावरचं बंधन कायम आहे. बाकीच्या बहुतेक भारतीयांवर आता ते नाही.

त्यामुळे यापुढे जो परत येईल तो बहुधा आपखुशीने येईल. त्याला थांबवून ठेवायचं असेल तर कागद उपयोगी पडणार नाही. त्याच्या विषयाची प्रयोगशाळा कॉलेजात चालू आहे का, तालुक्याच्या रुग्णालयात राहण्याजोगं क्वार्टर आहे का, हे आपणच पाहायला हवं. आणि बडोद्याच्या त्या प्रसंगाला शंभराहून अधिक वर्षं झाल्यावर, खोली भाड्याने देताना आडनाव विचारायचं आपण सोडलं आहे का, हेही.