जुन्या बुलेटचा पेट्रोल पाइप : नुसता बदलू नका, त्याची वाटही बघा

अकोट : सकाळी एका किकमध्ये चालू होणारी गाडी दुपारी घाटात तापली की धापा टाकते आणि बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा चालू. कार्बोरेटरची जुनी बुलेट, थंडरबर्ड किंवा करिझ्मा बाळगणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही. आधी प्लग बदलला जातो, मग कॉइल. टाकीखालच्या वीतभर पेट्रोल पाइपकडे मात्र सगळ्यात शेवटी लक्ष जातं.

दोष पेट्रोलचा की विजेचा, हे आधी ठरवावं. गाडी बंद पडली की टाकीचं झाकण उघडून बघा. झाकण उघडताच हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुरळीत झाली, तर झाकणाचं श्वासछिद्र बुजलेलं आहे. पाइपचा दोष नाही. तसं नसेल तर इंजिन निवू द्या आणि कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत घ्या. भरपूर आलं तर प्लग-कॉइलकडे वळा. थेंबथेंब आलं, तर अडचण कॉक, फिल्टर किंवा पाइपमध्ये आहे.

कार्बोरेटरच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा पंप नसतो. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, आणि पाइपची वाट महत्त्वाची ठरते ती यामुळेच. पाइप जरुरीपेक्षा लांब ठेवला, तो मध्ये लोंबला आणि पुन्हा वर चढला, तर चढावर हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा अडकतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. त्यात पाइप सिलिंडर हेडला खेटून गेला असेल तर आतल्या पेट्रोलची वाफ होते. पाइपवर ओला फडका गुंडाळला की गाडी चालू होते, हा जुना उपाय खराच, पण तो घरी पोहोचण्यापुरता.

अनेकदा दोष नंतर बसवलेल्या फिल्टरमुळे येतो. मूळ पाइप आखूड आणि सरळ असतो. फिल्टर घालायचा म्हणून पाइप लांब केला जातो आणि वळसा तयार होतो. मग पाइप कितीही वेळा बदला, वळसा तोच राहिला तर दुखणंही तेच राहतं.

दुसरं कारण इथेनॉल. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलं जात असल्याने जुन्या रबराची झीज लवकर होऊ शकते. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट 2025 मध्ये म्हटलं होतं. पाइप दोन बोटांत वाकवून बघा. भेगा दिसल्या, टोक कडक झालं किंवा पाइप फुगून मऊ पडला, तर तो गेला असं समजा.

नवीन पाइप पेट्रोलचाच घ्यावा. ठिबकची नळी, फवारणी पंपाचा पाइप किंवा सलाइनची नळी चालत नाही. साधा पारदर्शक प्लास्टिक पाइपही उन्हात आणि इंजिनच्या धगीत लवकर कडक होतो. पाइपवर ‘एसएई जे30 आर7’ असा छापा असेल तर तो कार्बोरेटरला चालतो. ‘आर9’ इथेनॉलपुढे जास्त टिकतो, पण ताठ असल्याने आखूड वळणात दबू शकतो. जुन्या पाइपचा तुकडा सोबत नेऊन आतला व्यास जुळवून घ्यावा, अंदाजाने घेऊ नये.

काम थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत करावं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, विडी-सिगारेट लांब ठेवावी. कॉक बंद करून पाइपमधलं पेट्रोल बाटलीत उतरवावं. चिकटलेला पाइप पकडीने ओढू नये, कार्बोरेटरचं निपल तुटतं. ब्लेडने उभा चिरला की तो आपोआप सुटतो. काही गाड्यांच्या कॉकला व्हॅक्यूमची वेगळी बारीक नळी असते; तिची जागा आधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावी.

आता वाट. पाइप कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उतरता हवा. तो हेड आणि सायलेन्सरपासून लांब राहावा, चेसिसच्या धारेवर घासू नये, थ्रॉटल केबलला अडू नये. टाकी बसवल्यावर तो चिमटतो का, हे टाकी बसवूनच बघावं. फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरकडे ठेवावा. फिल्टरमुळे वळसा पडत असेल तर छोटा फिल्टर घ्यावा. क्लिप दोन्ही टोकांना हव्यात, पण स्क्रूची क्लिप इतकीही आवळू नये की ती रबरात रुतेल. कार्बोरेटरचं टोक जोडण्याआधी ते बाटलीत धरून कॉक उघडा. धार अखंड यायला हवी. जोडल्यावर कॉक उघडा ठेवून दहा मिनिटं सांध्यांवर कोरडा कागद धरा. ओल दिसली तर गाडी चालू करू नका.

मेळघाटात शिरणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. उन्हाळ्यात खटकाली-धारगडच्या बाजूला सागाचा पाला वाळून पडलेला असतो, आणि गळकं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर नुकसान एका गाडीवर थांबत नाही.

इंजेक्शनच्या गाड्यांना मात्र यातलं काहीच लागू नाही. हिमालयन 2016 मध्ये कार्बोरेटरवर आली होती, 2017 पासून ती इंजेक्शनवर आहे. तेव्हा आपली कोणती, हे आधी बघावं. इंजेक्शनच्या पाइपमध्ये चावी बंद केल्यावरही दाब राहतो आणि पाइप काढताच पेट्रोल उडतं. ते काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावं.

पाइप बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर क्लिप पुन्हा तपासाव्यात. अकोला जाऊन-येऊन तेवढं अंतर सहज होतं. लांबच्या प्रवासात हातभर पाइप, दोन क्लिप आणि एक ब्लेड डिकीत असू द्यावं.