लोखंडी तळाची परीक्षा

मुंबई बंदरात 1750 साली जी पहिली दगडी सुकी गोदी बांधून पुरी झाली, आणि पुढील पंधरा वर्षांत जिच्या लगत आणखी दोन गोद्या सिद्ध झाल्या, तिच्यामुळे जहाजाचा जो भाग सदैव पाण्याखाली राहतो तो कोरडा करून सावकाश न्याहाळण्याची सोय कंपनी सरकारच्या आरमाराला लाभली. त्यापूर्वी उधाणाच्या भरतीला गलबत किनाऱ्यावर चढवावे, ओहोटी लागताच ते एका कुशीवर कलंडवावे, आणि पुन्हा पाणी चढण्याच्या आत जेवढे दिसेल तेवढे पाहून घ्यावे, इतकीच मुदत सुताराला मिळत असे. मुंबईत जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या कर्तृत्वावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि जमशेटजी बमनजींच्या देखरेखीखाली 1817 साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही नौका इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप तरंगत असल्यामुळे ते लिहिणे व्यर्थही म्हणता येणार नाही; पण जहाज बांधणाऱ्याचे नाव इतिहासाच्या दफ्तरी रुजू होते, आणि त्याचा तळ तपासून ‘अजून चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असे सांगणाऱ्याचे मात्र होत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय हा दुसरा मनुष्य होय.

सागवानाच्या काळात त्याचे काम तुलनेने सोपे होते. विलायती ओकच्या लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे खाल्ले जात, तर सागाच्या अंगच्या तेलामुळे ते टिकत. म्हणून मुंबईच्या जहाजांना एक उपजत आरोग्यच लाभले होते. लाकूड कुजले तर त्याला वास येतो, टोच्या टेकताच तो आत रुततो, ठोकल्यावर पोकळ ध्वनी निघतो. थोडक्यात, लाकूड आपला रोग लपवीत नाही. खरी पंचाईत सुरू झाली ती दोन धातू समुद्राच्या पाण्यात शेजारी आले तेव्हा. सागरी किड्यापासून रक्षण व्हावे म्हणून ब्रिटिश आरमाराने 1761 साली ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा जडविला, आणि दोन वर्षांनी तो तपासला असता तांबे धडधाकट, परंतु ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे ठिकठिकाणी झिजून गेलेले आढळले. या गोष्टीचे मर्म सर हम्फ्री डेव्ही यांनी 1824 साली उलगडले, आणि तांब्याला जस्ताचे अगर लोखंडाचे तुकडे जोडल्यास ते तुकडे स्वतः झिजून तांब्याला वाचवितात, हे प्रयोगाने सिद्ध केले. तांबे वाचले खरे, पण न विरघळणाऱ्या तांब्यावर शेवाळ व शिंपल्या यथेच्छ वाढू लागल्या, आणि आरमाराने तो उपाय सोडून दिला. आज प्रत्येक पोलादी लाँचच्या तळाशी, पंख्याच्या आसपास, जस्ताच्या ज्या वड्या बसविलेल्या दिसतात त्या डेव्हींच्या त्या फसलेल्या उपायाच्याच वंशज होत.

लोखंडाचीच नौका करावी ही कल्पना स्कॉटलंडातील कालव्यावरच्या ‘व्हल्कन’ने 1819 साली प्रत्यक्षात आणली, आणि 1822 साली ‘आरन मॅन्बी’ ही लोखंडी आगबोट टेम्सवरून निघून समुद्र ओलांडून पॅरिसपर्यंत गेली. परंतु आपल्याकडच्या उष्ण समुद्रात लोखंडी तळावर काही महिन्यांतच शिंपल्यांचा थर चढे, आणि त्यावर तांबे मढवावे तर तेच तांबे तळाला खाऊन टाकी. या पेचातून सुटण्यासाठी लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या आणि त्यांवर तांबे असा संमिश्र मार्ग काही काळ चोखाळण्यात आला, आणि 1869 सालची ‘कटी सार्क’ ही त्याच पंथातली. शुद्ध लोखंडी जहाजांच्या आतल्या बाजूस, जेथे गळतीचे पाणी साठते तेथे, सिमेंटचा लेप देण्याची चाल पडली. लेप पत्र्याला घट्ट धरून असेतो उत्तम. पण तो एकदा सुटला की त्याच्यामागे पाणी शिरते, वरून पाहणाऱ्याला सिमेंट साबूत दिसते आणि आत लोखंडाचे मृत्तिकेत रूपांतर चाललेले असते. जहाजांची प्रतवारी करणाऱ्या लॉइड्स रजिस्टर या संस्थेने लोखंडी जहाजांसाठी पहिले नियम 1855 साली केले, आणि तळ तपासणाऱ्याच्या मताला दाखल्याचे कायम स्वरूप येत गेले.

पुढे लोखंडाची जागा पोलादाने घेतली तेव्हा ते अधिक बळकट म्हणून वाखाणले गेले. मात्र जुन्या घडीव लोखंडाहून ते अधिक खड्डे पाडून गंजते, हा अनुभव लवकरच आला. त्याचे एक कारण असे की, तापलेला पत्रा लाटताना त्यावर जो निळसर कठीण पापुद्रा बसतो, तो जेथे टिकून राहतो तेथे पोलाद सुरक्षित असते आणि जेथे फुटतो तेथे उघड्या पडलेल्या पोलादावर सारा मारा एकवटतो. म्हणून ब्रिटिश आरमाराने पत्रे आम्लात बुडवून, तो पापुद्रा काढूनच, वापरावयाचा शिरस्ता घातला. नंतर पत्र्यावर पहिला हात दिला जाई तो शेंदराचा. गावोगावच्या मारुतीच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या चढत आलेला शेंदूर हा शिशाचाच प्राणिद, आणि जहाजाच्या तळाला गंजापासून जपण्यासाठी तेलात खलून लावीत तो रंगही तोच. शिसे विषारी म्हणून पुढे त्याचा वापर कमी कमी होत गेला.

मराठी मुलुखात पोलादी नौकांचा खरा संसार पाहावयाचा तर गोव्याकडे वळले पाहिजे. 1950 नंतर जपानकडे लोहखनिजाची निर्यात वाढत गेली, आणि मांडवी व जुवारी या नद्यांवरून खनिज मुरगाव बंदरी पोचविण्यासाठी यंत्राच्या पोलादी बार्जांचा मोठा तांडा उभा राहिला. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध धोक्याचा होई, तेव्हा कुंभारजुव्याच्या खाडीतून वळसा घालून जुवारी गाठावी लागे. खाणीही त्या दिवसांत मंदावत, आणि कोकणात होड्या शाकारून ठेवाव्यात तशा बार्जा काठावरच्या कारखान्यांत दुरुस्तीला चढत. अंतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांनी मुदतीने तपासणी करून घेऊन दाखला मिळविलाच पाहिजे, ही तरतूद 1917 च्या कायद्यात होती. गोवा 1961 साली मुक्त झाल्यावर ती तिकडेही लागू झाली.

ही तपासणी करणारा मुरब्बी मनुष्य नौका उचलली जाताच तळाच्या बाहेरच्या बाजूकडे जाईल, अशी आपली समजूत असते. तो मात्र प्रथम आत उतरतो. पोलादी नौका बहुधा आतून मरते, आणि मी तर म्हणेन की या विद्येचा अर्धा भाग एवढ्या एका वाक्यात सामावलेला आहे. बाहेर वाहते पाणी, रंग व जस्त असतात, आणि मुख्य म्हणजे मालकाचे लक्ष असते. आत बरगड्यांच्या कोपऱ्यांत, इंजिनाच्या पाटाखाली, तेलाच्या टाकीमागे जेथे हात पोचत नाही तेथे चिखल, तेल व खारे पाणी यांचा राबडा वर्षानुवर्षे साचून राहतो. प्रत्येक बरगडीच्या पायथ्याशी पाणी वाहून जावे म्हणून ठेवलेली छिद्रे बुजली आहेत काय, हे तो बोट घालून पाहतो. नंतर बाहेर येऊन तो पाण्याच्या रेषेची पट्टी पाहतो, कारण तेथे हवा व पाणी आळीपाळीने लागत असल्यामुळे गंजाचा अंमल अधिक. आणि मग छोटा हातोडा घेऊन नाळेपासून सुकाणूपर्यंत हातभर अंतराने ठोकत जातो. चांगला पत्रा खणखणतो, झिजलेला बद्द वाजतो. आणि ज्याचे पोलाद रंगाच्या थरापुरतेच उरले आहे तो हातोडा सरळ गिळून टाकतो. त्या प्रसंगी मालकाची मुद्रा पाहण्यासारखी होते, कारण आणखी एक वर्ष भागले असते अशी त्याची ठाम श्रद्धा असते.

संशय आला तेथे पूर्वी बारीक भोक पाडून जाडी मोजीत आणि ते भोक पुन्हा बुजवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास धातूतील दोष ध्वनीने शोधण्याची यंत्रे निघाली, आणि त्यातूनच जाडी मोजण्याचे आजचे हातात मावणारे यंत्र आले. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5,900 मीटर जातो, तेव्हा 6 मिलिमीटरच्या पत्र्यातून पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत येण्यास त्याला एका सेकंदाच्या दहा लक्ष भागांपैकी केवळ दोन भाग लागतात. यंत्र तेवढा काळ मोजून जाडीचा आकडा दाखविते. मात्र जेथे ते टेकविले तेवढ्याच बिंदूची जाडी ते सांगते, आणि शेजारच्याच खोल खड्ड्याचा त्याला पत्ताही नसतो. म्हणून कोठे टेकवावे हे ठरविण्यासाठी जुना हातोडाच लागतो.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत: सडलेला भाग कापून तेथे नवा पत्रा बसविणे, अथवा जुन्यावरच दुसरा पत्रा ठेवून कडेने वेल्डिंग करणे. दुसरा मार्ग स्वस्त व झटपट, म्हणून सार्वत्रिक. पण दोन पत्र्यांमध्ये जी ओल कोंडली जाते ती आपले काम थांबवीत नाही, शिवाय पातळ पत्र्यावर वेल्डिंगची ज्योत धरली की कडेलाच नवे भोक पडते, म्हणून ठिगळाला ठिगळ जोडीत जावे लागते. अडल्या वेळी बंदर गाठण्यापुरते असले ठिगळ क्षम्य, कायमचे म्हणून मुळीच नव्हे. कापून बसविलेल्या पत्र्याचे कोपरे गोल ठेवावेत हा नियमही अनुभवाच्या पोटी आला आहे. सर्वस्वी वेल्डिंगने जोडलेली पहिली सागरगामी नौका ‘फुलेगर’ 1920 साली इंग्लंडात तयार झाली. परंतु दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने याच रीतीने घाईने बांधलेल्या हजारो लिबर्टी जहाजांपैकी कित्येकांना तडे गेले, आणि त्यांतले अनेक तडे खणाच्या तोंडाच्या चौकोनी कोपऱ्यांतून निघाले होते. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या सांध्याशी येऊन थांबे. वेल्डिंगने सारा तळ एकसंध झाल्यावर त्याला अडविणारे कोणी उरले नाही. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद हे त्याचे मुख्य कारण असल्याचे कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने केंब्रिज येथे दाखवून दिले.

2012 साली गोव्यातील खाणी बंद पडल्या आणि मांडवी-जुवारीवरच्या बार्जा नांगरून पडल्या. चालती नौका निदान रोज कोणाच्या तरी नजरेखालून जाते, तिचे पाणी उपसले जाते, दरसाल तिला रंग मिळतो. उभ्या नौकेला यातले काहीच नाही, आणि मोबदला देणारा धंदाच बसल्यावर दुरुस्तीची तजवीज कोण करणार? अनेक बार्जा भंगारात गेल्या. 6 मिलिमीटरच्या नव्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे 47 किलो भरते, आणि तोच झिजून 4 मिलिमीटर उरला तर 31. तळाच्या जाडीचा जो आकडा पूर्वी दाखल्यासाठी घेतला जाई, त्याच्यावरूनच भंगारवाल्याचा भावही काढता येत असे.