मोटारगाडीची अनपेक्षित वेगवाढ
चालकाची इच्छा नसताना गाडीचा वेग एकाएकी वाढणे व ब्रेक दाबूनही ती आवरत नसल्याचा त्यास अनुभव येणे, या घटनेस ही संज्ञा लावतात. स्वयंचलित गिअरपेटीच्या गाड्यांत ही तक्रार विशेषेकरून आढळते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८० नंतरच्या दशकात ऑडी ५००० या जर्मन गाडीमुळे हा प्रश्न गाजला. नोव्हेंबर १९८६ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाने त्यास मोठी प्रसिद्धी दिली व गाडीची विक्री ढासळली. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबलेला असल्यास तो एंजिनाच्या पूर्ण जोरावरही मात करतो. त्यामुळे ब्रेक निर्दोष असल्यास बहुतेक अपघातांचे कारण ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडणे हेच संभवते, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र एंजिनाची मंदगती स्थिर राखणाऱ्या यंत्रणेतील बिघाडाने गाडी क्षणभर उसळून चालक दचकू शकतो, हेही त्यात मान्य केले होते. म्हणजे दोष सर्वस्वी चालकाचा नव्हता.

यावरील उपाय म्हणजे, ब्रेक दाबल्याखेरीज गिअरचा दांडा ‘पार्क’ स्थितीतून हलू न देणारा अडसर. ऑडीने तो १९८७ पासून जुन्या गाड्यांतही बसविला. अमेरिकेत २०१० पासून तो नव्या हलक्या वाहनांना सक्तीचा झाला. पूर्वी ब्रेक-पेडलाजवळील स्विचाचे काम मागील तांबडे दिवे लावण्यापुरते असे. आता अनेक गाड्यांत त्याचाच संकेत या अडसरास मिळतो. त्यामुळे स्विच बिघडल्यास दिवे लागत नाहीत व दांडाही हलत नाही. ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसल्यास प्रथम संबंधित फ्यूज व स्विच तपासतात.

टोयोटा गाड्यांविषयी २००९-१० मध्ये हाच वाद पुन्हा उद्‍भवला. पायाखालच्या चटईत ॲक्सिलरेटर अडकणे व तो दाबल्यावर चिकटून राहणे, असे दोन यांत्रिक दोष सापडले. तीव्र वेगवाढ घडविणारा इलेक्ट्रॉनिकीय दोष ‘नासा’च्या अभियंत्यांना २०११ पर्यंतच्या तपासणीत आढळला नाही, तथापि २०१३ मध्ये ओक्लाहोमातील पंचांनी कंपनीस एका अपघातास जबाबदार धरले. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये तिने १२० कोटी डॉलर दंड भरला. ब्रेक व ॲक्सिलरेटर एकदम दाबले गेल्यास एंजिनाचा जोर कमी करणारी योजना त्यानंतर अनेक गाड्यांत रूढ झाली.