साखरेच्या गावातलं रॉकेट

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, वही मिटली आणि आमच्यातल्या एकीनं विचारलं, "पोराला वाळूजला काम आहे, पण तो म्हणतो, आता खासगी कंपन्या रॉकेट बनवतात, मी तिकडं जातो. रॉकेट विकून कुणाचं पोट भरतं का गं?" आम्ही सगळ्या हसलो. मग वाटलं, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे, हसण्यावारी कशाला न्यायचा? म्हणून आज ही जुनी गोष्ट.

गोष्ट जहाजापासून सुरू होते. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, जन्म १८८२ सालचा. १९१९ साली त्यांनी भागीदारांबरोबर सिंधिया ही जहाज कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांचं 'लॉयल्टी' नावाचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तेव्हा समुद्रावर इंग्रज कंपन्यांचा दबदबा. त्यांनी मालाचं भाडं पार खाली आणलं. त्यांची तिजोरी भरलेली, त्यांना तोटा सोसता येत होता. नव्या कंपनीला तो जड गेला. शेवटी १९२३ साली करार करावा लागला, आणि त्यात जहाजं किती वाढवायची यावर मर्यादा आली.

वालचंदशेठ तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४० साली म्हैसूर सरकारला सोबत घेऊन त्यांनी बंगळूरला विमानाचा कारखाना सुरू केला. महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, तो सरकारनं आपल्या हातात घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती हीच.

त्यांच्याच नावाचं गाव पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात आहे, वालचंदनगर. आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीला माणसं जातात, त्याच पट्ट्यातलं. तिथं आधी साखर कारखाना आला, मग साखर कारखान्यांना लागणारी यंत्रं तिथंच बनू लागली. जाड पोलाद वाकवणारे, जोडणारे हात तयार झाले. १९७० च्या दशकात इस्रोला रॉकेटचे भाग बनवून हवे होते, तेव्हा हेच हात कामी आले. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ निघालं, तेव्हा रॉकेटच्या दोन्ही बाजूंना दोन जाड नळकांडी आपण टीव्हीवर पाहिली. एकेकात सुमारे २०० टन इंधन असतं. त्यांचे काही पोलादी भाग वालचंदनगरला घडले होते. आणि मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात त्याच रॉकेटची इंजिनं बनली होती.

म्हणजे खासगी कारखाने या कामात पन्नास वर्षांपासून आहेत. पण माल घेणारं गिऱ्हाईक एकच, सरकार. रॉकेट पडलं तर तोटाही सरकारचा. १० ऑगस्ट १९७९ ला आपलं एसएलव्ही-३ समुद्रात कोसळलं. पुन्हा तयारी झाली आणि १८ जुलै १९८० ला ते यशस्वी झालं. मधलं वर्ष सरकारी पैशानं निभावलं.

२०२० साली केंद्र सरकारनं हे क्षेत्र खासगी कंपन्यांना मोकळं केलं. हैदराबादच्या स्कायरूटनं १८ नोव्हेंबर २०२२ ला, तर चेन्नईच्या अग्निकुलनं ३० मे २०२४ ला आपापलं छोटं रॉकेट चाचणीसाठी उडवून दाखवलं. आता पडलं तर तोटा कंपनीचाच.

अमेरिकेत याचे दोन्ही नमुने झाले. स्पेसएक्स कंपनीची पहिली तीन रॉकेटं वाया गेली. चौथं २००८ च्या सप्टेंबरात यशस्वी झालं, तोवर पैसा संपत आला होता. डिसेंबरात तिथल्या सरकारी नासानं सामान पोचवायच्या बारा फेऱ्यांचं काम दिलं आणि कंपनी तगली. व्हर्जिन ऑर्बिटचं रॉकेट त्याआधी चार वेळा यशस्वी झालेलं. २०२३ च्या जानेवारीत एक फेरी फसली, नवं भांडवल मिळालं नाही, आणि एप्रिलमध्ये दिवाळं निघालं.

दुसरी अडचण भाड्याची. मोठं रॉकेट म्हणजे आपली काळीपिवळी. सीटा भरल्या की भाडं परवडतं. आपल्या पीएसएलव्हीनं १५ फेब्रुवारी २०१७ ला एका फेरीत १०४ उपग्रह नेले, त्यातले १०१ परदेशी गिऱ्हाइकांचे. स्पेसएक्सनं २०२१ साली एका खेपेत १४३ नेले. त्यांच्या रॉकेटचा खालचा मोठा भाग परत येऊन उभा उतरतो, पुन्हा वापरता येतो, म्हणून भाडं आणखी उतरतं. छोट्या रॉकेटवाल्याची रिक्षा तुम्ही म्हणाल तेव्हा, म्हणाल तिथं नेते, पण भाडं जास्त. मोठ्यानं भाडं पाडलं की छोट्याला घाम फुटतो. १९१९ साली समुद्रावर झालं तेच आता आकाशात चाललंय.

मग त्या पोराला काय सांगायचं? आम्ही म्हटलं, जाऊ दे की. वाळूजला त्यानं जे शिकलं, धातू कापणं, जोडणं, केसाएवढा फरक ओळखणं, तेच तिकडं लागतं. पण कंपनीत गेल्यावर तीन गोष्टी विचारून घे म्हणावं. गिऱ्हाइकं किती आहेत? एक रॉकेट पडलं तर पगार किती महिने निघेल? आणि रॉकेटखेरीज दुसरं काही काम हातात आहे का? वालचंदनगरला साखरेची यंत्रं होती म्हणून रॉकेटची वाट बघत बसावं लागलं नाही.

हे बोलणं चाललं असताना आमची हिशेबनीस वही उघडून बसली होती. आमच्या गटाचा सगळा मसाला एकाच दुकानात जातो. ती म्हणाली, "बायांनो, तिसरा प्रश्न राहू द्या, आपल्याला पहिल्याचंच उत्तर देता येत नाही." पुढच्या गुरुवारी आम्ही दुसरं दुकान बघायला निघणार आहोत. तुमच्या गटाचं गिऱ्हाईक किती जणांत वाटलेलं आहे, तेही एकदा वहीत बघा.