बटव्यातल्या चार पुड्या



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाने ठरवलं, पापड-शेवयांच्या जोडीला पोट साफ करणारं चूर्ण करून विकायचं. भांडवल कमी आणि गिऱ्हाईक घरोघरी! त्याच आठवड्यात आमच्यातल्या एक मावशी चक्कर येऊन पडल्या. चार महिने त्या बाजारातलं एक चूर्ण रोज रात्री घेत होत्या. "झाडपाल्याचंच तर आहे, काय होतंय?" असं म्हणायच्या. डॉक्टरांनी पुडीवरची बारीक अक्षरं वाचली. त्यात सोनामुखी होती. रोजच्या जुलाबांनी मावशींच्या अंगातलं पाणी आणि क्षार कमी झाले होते.

मावशी बऱ्या झाल्या. आम्ही मात्र काम थांबवलं आणि आधी या वस्तूंची कुळकथा शोधायला बसलो.

पहिला हिरडा, आपल्याच सह्याद्रीतला. हिरडा, बेहडा, आवळा मिळून त्रिफळा. तो चरकसंहितेतही आहे. जुन्नर, आंबेगाव, अकोल्याच्या डोंगरात आदिवासी बायका आजही कोवळा बाळहिरडा गोळा करून वाळवतात. इंग्रजांच्या काळात हाच हिरडा मुंबई बंदरातून परदेशी जायचा, तोही औषधासाठी कमी आणि कातडी कमवायला जास्त! आपल्याकडे त्याचा उपयोग सौम्य सारक म्हणून.

दुसरा हिंग. रोज फोडणीत घालतो, पण तो आपल्या मातीतला नाही. शतकानुशतकं तो अफगाणिस्तान-इराणकडून येत आला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात हिंगावर आणि हिरडा-आवळ्यावरही वेगळी प्रकरणं आहेत. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हिंगाची लागवड करून पाहायला सुरुवात झाली ती २०२० साली. हिंग वायूवर वापरतात. पोट साफ करणं हे त्याचं काम नव्हे.

तिसरा इसबगोल. हे नाव फारसी. बी घोड्याच्या कानासारखं दिसतं, म्हणून 'घोड्याचा कान' असा त्याचा अर्थ. आज तो उत्तर गुजरात आणि राजस्थानात पिकतो. उंझ्याची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याचा भुसा आतड्यात पाणी धरून फुगतो आणि शौच मऊ करतो. म्हणून मोठा पेलाभर पाण्यासोबतच घ्यायचा. कोरडा घेतला तर घशात अडकतो. दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर मध्ये दोन तास जाऊ द्यावेत.

चौथी सोनामुखी. अरबी वैद्यकात हिला 'सना' म्हणतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडची सोनामुखी नावाजलेली. ही आतड्याला डिवचून शौचाला लावते. म्हणून ती अडल्या वेळची, थोड्या दिवसांपुरती. रोजची नव्हेच.

आता बघा, चार वस्तू, चार मुलखांतल्या आणि चौघींची कामं निराळी. आम्ही सगळ्यांना एकाच पुडीत बांधून "पोटाला चांगलं" म्हणणार होतो! जुन्या बायका बटव्यातून पुडी काढण्याआधी विचारायच्या: वायू धरलाय की शौचाला खडा होतोय? किती दिवस झाले? जेवलीस काय? पाणी किती प्यालीस? आम्ही पुडी उचलली आणि प्रश्न विसरलो.

शिवाय आयुर्वेदिक औषध करून विकायचं तर परवाना लागतो, हेही तेव्हाच कळलं. म्हणून आम्ही चूर्णाचा नाद सोडला. आता अन्न नोंदणी करून निवडलेला ओवा, बडीशेप आणि वाळवलेली आवळा सुपारी विकतो. मिळकत बेताचीच आहे, पण रात्री झोप शांत लागते.

मैत्रिणींनो, लोहाच्या गोळ्यांनी शौचाला खडा होतो म्हणून गोळ्या बंद करू नका. पाणी, पालेभाजी, भाकरी वाढवा, आशाताईंना विचारा. गरोदरपणी हिरडा किंवा सोनामुखी मनाने घेऊ नका. शौचातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, पोट फुगून उलट्या होत असतील, तर कुठलीच पुडी शोधू नका, सरळ दवाखाना गाठा.

आणि हो, घरातल्या पुडीवरची बारीक अक्षरं आज वाचाच. चष्मा नसेल तर शाळेतल्या लेकीकडून वाचून घ्या. मावशी आता तसंच करतात!